नियमांतर आणि खेळाची ओळख : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पन्नास वर्षे (१९७४–२०२४)

१

खेळ म्हणजे नियमांचा समुच्चय, ही व्याख्या वरवर पाहता निर्दोष वाटते. कबड्डीतून दम धरण्याचा नियम काढून टाकला तर जे उरेल त्याला कबड्डी म्हणता येणार नाही, हे कोणीही मान्य करील. तथापि ही व्याख्या तर्काने पुढे नेली की एक अडचण उभी राहते. नियम बदलला की समुच्चय बदलतो आणि समुच्चय बदलला की खेळ बदलतो, असे असेल तर ज्या खेळाचे नियम काळाच्या ओघात पालटत गेले त्याला एकच नाव कोणत्या आधारावर द्यावयाचे? बुद्धिबळाचे उदाहरण महाराष्ट्रातील वाचकाला परिचयाचे आहे. देशी पद्धतीच्या बुद्धिबळात सामान्यतः प्याद्याला पहिल्या खेळीतही एकच घर चालता येई आणि राजाला एकदा घोड्याची चाल करण्याची मुभा असे. आंतरराष्ट्रीय पद्धती रूढ झाली तसे हे नियम मागे पडले. बुद्धिबळ हे नाव मात्र राहिले, आणि ते अन्यायाने राहिले असे कोणी म्हणत नाही.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला या ठिकाणी सोस्यूरची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९१६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथात त्याने भाषेची तुलना बुद्धिबळाशी केली आहे. लाकडी सोंगट्यांच्या जागी हस्तिदंती सोंगट्या मांडल्या तर खेळाच्या व्यवस्थेला धक्का लागत नाही. सोंगट्यांची संख्या कमी-अधिक केली तर मात्र खेळाचे ‘व्याकरण’च बदलते, असे त्याचे प्रतिपादन आहे. पुढे १९६९ मध्ये जॉन सर्ल या तत्त्वज्ञाने नियमांचे दोन प्रकार कल्पिले. काही नियम आधीपासून अस्तित्वात असलेल्या व्यवहाराला वळण लावतात, तर काही नियम तो व्यवहारच निर्माण करतात. बुद्धिबळाचे नियम दुसऱ्या प्रकारात मोडतात. या दोन्ही विवेचनांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : व्यवस्थेचा अंतर्भाग कोणता आणि बहिर्भाग कोणता, हे आधीच ठाऊक आहे. प्रत्यक्ष इतिहासात ते क्वचितच ठाऊक असते. कोणता नियम हस्तिदंताच्या योग्यतेचा आणि कोणता व्याकरणाच्या, याचा निर्णय बहुधा तो नियम बदलल्यानंतरच लागतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकेत जन्मलेला खेळ विशेष उपयुक्त आहे. १९७४ पासून २०२४ पर्यंत त्याच्या नियमांची अनेक वेळा फेररचना झाली. प्रत्येक वेळी ‘हा तोच खेळ आहे काय?’ असा वाद झाला. आणि त्या वादाची कागदपत्रे, म्हणजे नियमग्रंथ, प्रस्तावना, परवाने आणि न्यायालयीन तडजोडी, उपलब्ध आहेत. अपरिचितांसाठी खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. चार-सहा माणसे मेजाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार असतो. इंग्रजीत त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. तो एका कल्पित जगातील प्रसंगाचे वर्णन करतो. इतर खेळाडू प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेऊन आपले पात्र काय करील ते सांगतात. जेथे परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय होतो. अखेरचा विजय अथवा पराजय नसतो; कथा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. अशा खेळात नियम आणि कथन यांची सरमिसळ असल्यामुळे ओळखीचा प्रश्न बुद्धिबळापेक्षा अधिक बिकट होतो.

२

या खेळाचा उगम युद्धखेळांत आहे. १९६९ च्या सुमारास मिनेसोटा राज्यातील डेव्हिड वेस्ली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा एक प्रयोग केला. त्यात खेळाडूंकडे सैन्य न देता प्रत्येकाला एकेका व्यक्तीची भूमिका आणि तिचे स्वतंत्र उद्दिष्ट देण्यात आले. त्याच वर्तुळातील डेव्ह आर्नसन यांनी १९७१ पासून ‘ब्लॅकमूर’ हे कल्पित राज्य उभे करून या पद्धतीला अद्भुतकथेची जोड दिली. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावी राहणारे गॅरी गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासह त्याच वर्षी ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले होते आणि त्यांना जादू व राक्षस यांची पुरवणी जोडली होती. आर्नसन आणि गायगॅक्स यांच्या सहकार्यातून तयार झालेला खेळ १९७४ च्या जानेवारीत छापला गेला. त्यासाठी गायगॅक्स यांनी डॉन के या मित्रासह १९७३ च्या ऑक्टोबरात ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ ही संस्था स्थापिली होती; पुढे ती ‘टीएसआर’ या नावाने प्रसिद्ध झाली. पहिल्या मुद्रणाच्या १,००० प्रती होत्या आणि तीन पुस्तिकांच्या एका पेटीची किंमत १० डॉलर होती.

या तीन पुस्तिका आज वाचणाऱ्याच्या मनात प्रथम भरते ती त्यांची अपूर्णता. लढाईसाठी ‘चेनमेल’चे नियम वाचकाजवळ आहेत असे धरून चालले आहे. रानावनांतील प्रवासासाठी ॲव्हलॉन हिल या दुसऱ्याच संस्थेच्या ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या खेळाचा पट वापरावा, अशी सूचना आहे. पात्रांचे वर्ग तीनच : योद्धा, जादूगार आणि धर्मोपासक. सहा फासेगुण मात्र तेव्हापासून आजतागायत टिकून आहेत : बळ, बुद्धी, विवेक, काटकपणा, चपळाई आणि प्रभाव. शेवटी लेखकांनी वाचकांना असा सल्ला दिला होता की जेथे शंका येईल तेथे पत्र पाठवून विचारण्याऐवजी स्वतःच्या कल्पनेने निर्णय घ्यावा. म्हणजे या खेळाच्या मूळ संहितेतच संहितेपलीकडे जाण्याची परवानगी होती. १९७४ चा खेळ ‘शुद्ध’ आणि नंतरचे सर्व बदल म्हणजे ‘विकृती’ असे मानणाऱ्यांना ही गोष्ट अडचणीची आहे.

मूळ पुस्तिकांत लढाईची एक ‘पर्यायी’ पद्धतही दिलेली होती : वीस पैलूंचा फासा टाकावयाचा आणि प्रतिपक्षाच्या चिलखताच्या अंकाशी कोष्टकात ताडून पाहावयाचे. हीच पर्यायी पद्धत खेळाडूंनी उचलली आणि ‘चेनमेल’ची मुख्य पद्धत मागे पडली. वीस पैलूंचा फासा हे या खेळाचे जगप्रसिद्ध चिन्ह आहे. ते मुळात पर्याय म्हणून आलेले होते. भाषेच्या इतिहासात वैकल्पिक रूप प्रमाण होऊन बसते, तसाच हा प्रकार आहे. तेथेही निर्णय व्याकरणकार देत नाही, बोलणारे देतात.

१९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने चोर हा नवा वर्ग आणला आणि शस्त्रागणिक इजेचे प्रमाण निराळे केले. मूळ खेळात तलवार व सुरी यांची इजा सारखीच, सहा पैलूंच्या फाशाने, ठरत असे. दुसरा बदल अंकगणिताचा होता. पहिला अधिक दूरगामी ठरला. तोपर्यंत कुलूप उघडणे, सापळा निकामी करणे किंवा अंधारात लपणे हे कोणत्याही पात्राने करून पाहावे आणि खेळाडूने केलेल्या वर्णनावरून सूत्रधाराने निर्णय द्यावा, अशी स्थिती होती. चोराच्या कौशल्यांचे शतमान कोष्टकात छापले जाताच ती कामे चोराची झाली. नियमाची भर घालताना खेळाडूच्या हातून काहीतरी काढूनही घेतले जाते, हे येथे प्रथम दिसून आले.

३

१९७७ नंतर खेळाची दोन शाखांत विभागणी झाली. एक शाखा नवशिक्यांसाठी होती. तिची पहिली संहिता १९७७ मध्ये जे. एरिक होम्स यांनी सिद्ध केली; पुढे १९८१ मध्ये टॉम मोल्डव्हे यांनी आणि १९८३ मध्ये फ्रँक मेंट्झर यांनी ती नव्याने लिहिली. दुसरी शाखा ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाची. तिचे तीन मुख्य ग्रंथ १९७७, १९७८ आणि १९७९ या वर्षी आले. सूत्रधाराच्या ग्रंथात गायगॅक्स यांचा सूर १९७४ च्या अगदी उलट आहे. ठिकठिकाणच्या मेजांवर खेळ इतका निरनिराळा होऊन बसला आहे की त्यात काही एकरूपता आणणे अगत्याचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. स्वतःच्या कल्पनेने निर्णय घ्या असे सांगणारा लेखक पाच वर्षांत प्रमाणभाषेचा पुरस्कर्ता झाला.

या परिवर्तनामागे केवळ तात्त्विक कारणे नव्हती. ‘ॲडव्हान्स्ड’ हा निराळा खेळ आहे, मूळ खेळाची आवृत्ती नव्हे, असे गायगॅक्स यांनी संस्थेच्या ‘द ड्रॅगन’ या नियतकालिकातून आग्रहाने मांडले. आर्नसन यांचे नाव व मानधन मूळ खेळाशी निगडित होते. नवा ग्रंथ जर जुन्याच खेळाची सुधारित आवृत्ती असेल तर त्याच्या विक्रीवरही त्यांचा हक्क पोचत होता. निराळा खेळ असेल तर पोचत नव्हता. आर्नसन यांनी १९७९ मध्ये दावा लावला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. ‘हा तोच खेळ आहे काय?’ हा तत्त्वचर्चेचा विषय वाटतो. पण त्याच्या उत्तरावर एका सहनिर्मात्याचे मानधन अवलंबून होते. मेजांवर मात्र निराळीच स्थिती होती. खेळाडू दोन्ही शाखांची पुस्तके शेजारी ठेवून, एकीतील राक्षस आणि दुसरीतील मंत्र घेऊन खेळत असत. मालकाच्या दृष्टीने जे दोन खेळ होते ते खेळणाऱ्यांच्या दृष्टीने एकाच भाषेच्या दोन बोली होत्या.

याच काळातील आणखी एक नियम येथे नोंदविणे इष्ट आहे. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये स्त्री-पात्राच्या बळाला पुरुष-पात्रापेक्षा कमी कमाल मर्यादा घातलेली होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती नाहीशी झाली. हा नियम गेल्याने खेळाची ओळख हरपली असा आक्षेप टिकून राहिला नाही. एखादा नियम पुष्कळ काळ छापील राहिला म्हणून तो व्यवस्थेचा घटक ठरत नाही, असा याचा अर्थ होतो. मेजाभोवती कोणी बसावे आणि कोणत्या मानाने बसावे, हे मात्र अशा नियमांवर अवलंबून असते. आणि ‘ओळख’ जपण्याच्या नावाखाली कधी कधी नेमके हेच जपले जाते.

४

गायगॅक्स १९८५ मध्ये संस्थेवरील नियंत्रण गमावून बसले. दुसरी आवृत्ती डेव्हिड कुक यांच्या मुख्य संपादकत्वाखाली १९८९ मध्ये आली. ‘राक्षस’ आणि ‘सैतान’ या अर्थाचे इंग्रजी शब्द नियमग्रंथांतून गेले. खेळामुळे तरुण मुले सैतानपूजेकडे वळतात, अशी ओरड अमेरिकेत दशकभर चालली होती. तिचा हा परिणाम होता. पुढे तेच प्राणी ‘तानारी’ आणि ‘बाटेझू’ अशा कृत्रिम नावांनी परत आले आणि २००० नंतर जुनी नावेही परतली. मारेकऱ्याचा वर्ग वगळण्यात आला. या शब्दांतरावर जुन्या खेळाडूंनी पुष्कळ टीका केली; परंतु राक्षसांचे अंक व सामर्थ्य बव्हंशी तेच राहिल्यामुळे प्रत्यक्ष खेळात फारसा फरक पडला नाही. मराठी लेखनात १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हाही खेद व्यक्त झाला. मराठी वाक्याची घडण मात्र त्यामुळे बदलली नाही. दोन्ही ठिकाणी बदल डोळ्यांना दिसणारा असल्यामुळे त्याची चर्चा त्याच्या परिणामाच्या मानाने अधिक झाली.

त्याच आवृत्तीतील दुसऱ्या एका बदलाची चर्चा त्या मानाने कमी झाली. १९७४ पासून पात्राच्या उन्नतीचे मुख्य साधन धन हे होते. भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्यामागे एक अनुभवगुण मिळे. राक्षस मारल्याबद्दल मिळणारे गुण त्या मानाने थोडे असत. परिणाम असा की शहाणा खेळाडू लढाई टाळीत असे. पहाऱ्यावरील राक्षसाला लाच द्यावी, चकवावे, त्याच्या शत्रूशी संधान बांधावे आणि धन घेऊन पसार व्हावे, हाच उत्तम खेळ ठरे. १९८९ मध्ये धनासाठी अनुभवगुण देणे ऐच्छिक करण्यात आले आणि २००० मध्ये ते मुख्य नियमांतून गेलेच. उन्नतीचा मार्ग आता मुख्यतः प्रतिकारावर मात करण्यातून जाऊ लागला. एका ओळीचा हा बदल. परंतु त्याने मेजावरच्या माणसांचे वर्तन बदलले. पूर्वी पात्र म्हणजे धूर्त लुटारू होते; आता ते पराक्रमी वीर झाले.

येथे नियमांचे तीन थर वेगळे करता येतात. पहिला थर लेखनाचा : अंक कसे मांडावेत, वस्तूंना कोणती नावे द्यावीत. दुसरा थर रचनेचा : फासे कसे टाकावेत, कोणता गुण कोणत्या कृतीला लागू करावा. तिसरा थर प्रयोजनाचा : खेळाडूने कशासाठी धडपडावे आणि कशाबद्दल त्याला फळ मिळावे. वाद बहुधा पहिल्या थरावर होतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. तिसऱ्या थरातील बदल सावकाश जाणवतो. आणि तो जाणवेपर्यंत नवी पिढी त्यालाच मूळ खेळ समजू लागलेली असते.

५

१९९७ मध्ये आर्थिक डबघाईला आलेली टीएसआर ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या संस्थेने विकत घेतली. १९९९ मध्ये ती संस्था हॅसब्रोच्या मालकीची झाली. तिसरी आवृत्ती २००० मध्ये आली. जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स हे तिचे रचनाकार होते. रचनेच्या थरावर तोपर्यंतचा सर्वांत मोठा बदल हाच होय. आधीच्या आवृत्त्यांत काही ठिकाणी फाशाचे मोठे दान चांगले, तर काही ठिकाणी लहान. चोराला शतमान, दार फोडण्यास निराळा फासा, लढाईस वीस पैलूंचा, अशी विविधता होती. चिलखताचा अंक जितका कमी तितके संरक्षण अधिक, ही उलटी गणना तर प्रत्येक नवशिक्याला बुचकळ्यात टाकी. तिसऱ्या आवृत्तीने या सर्वांच्या जागी एक सूत्र ठेवले : वीस पैलूंचा फासा टाका, त्यात गुण मिळवा आणि ठरलेल्या अंकाइतके किंवा अधिक दान आले की यश. भाषाशास्त्रात अनियमित रूपे सादृश्याने नियमित होतात. हे त्याच जातीचे समीकरण होते. बुटके आणि एल्फ यांच्यावर असलेली वर्गांची व पातळीची बंधनेही याच आवृत्तीत गेली. १९७४ मध्ये बुटक्याला योद्धा म्हणून सहाव्या पातळीपलीकडे जाता येत नसे.

एवढे होऊनही बहुसंख्य खेळाडूंनी ही आवृत्ती त्याच खेळाची म्हणून स्वीकारली. याची कारणे दोन दिसतात. पहिले असे की सहा गुण, वर्ग, पातळ्या, हिट पॉइंट, आणि जादूगाराने सकाळी मंत्र पाठ करून एकदा वापरला की विसरावयाचा ही जॅक व्हॅन्स यांच्या कथांतून आलेली कल्पना, हा शब्दसंग्रह अबाधित राहिला. जुन्या खेळाडूला नव्या पुस्तकातील वाक्य वाचता येत होते. दुसरे कारण नियमांबाहेरचे आहे. या आवृत्तीबरोबर ‘ओपन गेम लायसन्स’ हा परवाना आला आणि कोणाही लेखकाला वा प्रकाशकाला या नियमांवर आधारित ग्रंथ काढण्याची मुभा मिळाली. खेळ जवळजवळ बंद पडण्याच्या बेतात असताना त्याला जीवदान मिळाले होते, हेही विसरून चालणार नाही. स्वीकाराचे सर्व श्रेय नियमांच्या गुणवत्तेला देणे इतिहासाला धरून होणार नाही.

६

चौथी आवृत्ती २००८ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ४ मार्चला गायगॅक्स यांचे निधन झाले होते. पुढच्या वर्षी ७ एप्रिलला आर्नसनही गेले. या आवृत्तीत सहा गुण होते, वर्ग होते, पातळ्या होत्या, वीस पैलूंचा फासाही होता. शब्दसंग्रहाची यादी केली तर सातत्य ठळकपणे दिसते. तरीही ‘हा डंजन्स अँड ड्रॅगन्स नव्हे’ असे उद्गार जितके या आवृत्तीबद्दल निघाले तितके पूर्वी कधी निघाले नव्हते.

कारण असे की योद्धा असो वा जादूगार, सर्व वर्गांच्या सामर्थ्याची मांडणी एकाच साच्यात करण्यात आली : काही कृती केव्हाही करता येण्याजोग्या, काही एका चकमकीत एकदा, तर काही दिवसातून एकदा. मंत्र पाठ करून विसरण्याच्या जुन्या कल्पनेला यात गौण स्थान उरले. प्रत्येक वर्गाला लढाईतील एक ठरावीक भूमिका नेमून देण्यात आली. वर्गावर्गांतील असमतोल हा जुन्या खेळाचा दोष मानला जात होता आणि तो या रचनेने पुष्कळ अंशी दूर केला. परंतु योद्ध्याचा खेळ आणि जादूगाराचा खेळ यांची चव निराळी असणे, हे अनेकांच्या मते या खेळाचे लक्षण होते. शब्द तेच राहिले आणि त्यांचे परस्परसंबंध बदलले. सोस्यूरच्या परिभाषेत सांगावयाचे तर चिन्हे राहिली, मूल्ये पालटली.

याच वेळी परवान्याच्या अटीही कडक झाल्या. ‘ड्रॅगन’ आणि ‘डंजन’ ही नियतकालिके २००७ पर्यंत परवान्याने प्रसिद्ध करणाऱ्या ‘पायझो’ या संस्थेने नव्या आवृत्तीबरोबर न जाता तिसऱ्या आवृत्तीचेच नियम, जुन्या खुल्या परवान्याच्या आधाराने, सुधारून २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ या नावाने प्रसिद्ध केले. येथे नाव आणि वस्तू यांची उघड फारकत झाली. ज्याला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव होते तो खेळ अनेकांना परका वाटला. ज्याला ते नाव नव्हते तो आपला वाटला. नाव कायद्याने एका संस्थेच्या मालकीचे असते. ओळख तशी मालकीची करता येत नाही, याचे याहून स्पष्ट प्रमाण या खेळाच्या इतिहासात नाही. अर्थात चौथी आवृत्ती आवडीने खेळणारेही पुष्कळ होते, आणि त्यांच्या मेजांवर चालणारा खेळ ‘खरा’ नव्हता असे म्हणण्याचा अधिकार इतिहासकाराला पोचत नाही.

दुसऱ्या बाजूला काही खेळाडू याहूनही मागे गेले. अमेरिकी कायद्यानुसार खेळाच्या कार्यपद्धतीवर स्वामित्व सांगता येत नाही. तिच्या शब्दबद्ध मांडणीवर मात्र सांगता येते. या तत्त्वाचा आणि खुल्या परवान्याचा आधार घेऊन २००६ मध्ये ‘ओस्रिक’ या नावाने ‘ॲडव्हान्स्ड’ खेळाचे नियम नव्या शब्दांत लिहून काढण्यात आले. २००७ मध्ये ‘लॅबिरिन्थ लॉर्ड’ आणि २००८ मध्ये ‘स्वोर्ड्स अँड विझर्ड्री’ हे त्याच मार्गाने आले. या चळवळीने जुने कोष्टक जिवंत केलेच, परंतु तिने विशेष भर दिला तो तिसऱ्या थरावर : धनासाठी अनुभवगुण, सूत्रधाराचा विवेक आणि खेळाडूचे शहाणपण. आपण काय गमावले याचा शोध घेताना या मंडळींना पूर्वीचे प्रयोजन सापडले. अनेक जुने खेळाडू ते १९७० च्या दशकात नकळत पाळीत होते. पुनरुज्जीवन करणाऱ्यांना ते सिद्धान्त म्हणून मांडावे लागले. परंपरा तुटल्यानंतरच तिचे व्याकरण लिहिले जाते, हा अनुभव भाषेच्या अभ्यासकालाही नवा नाही.

७

पाचव्या आवृत्तीची घोषणा २०१२ च्या जानेवारीत झाली आणि तिचे कच्चे नियम सर्वांसमोर ठेवून खेळाडूंकडून अभिप्राय मागविण्यात आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात समेटाचा प्रयत्न स्पष्ट दिसतो : तिसऱ्या आवृत्तीचे एकसूत्री फासे, जुन्या आवृत्त्यांचा साधेपणा आणि सूत्रधाराला परत दिलेला निर्णयाधिकार. ओळख कशात आहे हे रचनाकारांनी या वेळी स्वतः ठरविले नाही. ते खेळणाऱ्यांना विचारले. ही रीत लोकप्रिय ठरली, यात शंका नाही. पण तिच्या मर्यादेकडेही दुर्लक्ष करता येत नाही. लोकांना विचारले असता ते जे ओळखीचे आहे तेच सांगतात. आणि ओळखीचे बहुधा पहिल्या दोन थरांतले असते. धन आणि अनुभव यांचा जुना संबंध या आवृत्तीच्या मुख्य नियमांत परतला नाही, तो यामुळेच असावा.

२०२३ च्या जानेवारीत जुना खुला परवाना मागे घेण्याचा प्रकाशकाचा बेत बाहेर फुटला आणि त्यावर मोठा क्षोभ उसळला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला प्रकाशकाने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंग्रह ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुला केला. या प्रसंगात वादाचा विषय एकही फासा किंवा एकही कोष्टक नव्हते. प्रश्न होता तो नियमांवर पुढे लिहिण्याचा हक्क कोणाचा, हा. १९७४ च्या पुस्तिकांच्या शेवटी वाचकाला दिलेली मुभा एकोणपन्नास वर्षांनी कायद्याच्या भाषेत कायम झाली, असे म्हणता येईल. खेळाच्या ओळखीचा एखादा अविच्छिन्न धागा दाखवावयाचा असेल तर तो या मुभेतच दाखविता येतो.

२०२४ मध्ये नियमग्रंथांची पुन्हा सुधारणा झाली. तिला सहावी आवृत्ती म्हणण्याचे प्रकाशकाने कटाक्षाने टाळले आणि जुनी साहसे नव्या नियमांबरोबर चालतील असे आश्वासन दिले. ‘वंश’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या जागी ‘प्रजाती’ या अर्थाचा शब्द आला आणि गुणांतील वाढ जन्मावरून न ठरता पात्राच्या पूर्वायुष्यावरून ठरू लागली. यांपैकी शब्दाचा बदल पहिल्या थरावरचा असून दुसरा रचनेचा आहे. तथापि दोहोंमागे पात्र जन्माने घडते की आयुष्याने, हा जुनाच प्रश्न आहे. १९७८ मधील बळाच्या मर्यादेचे जे झाले तेच या बदलाचेही होईल काय, हे ठरविण्यास अद्याप पुरेसा काळ लोटलेला नाही.

८

या पन्नास वर्षांवरून काही निष्कर्ष काढता येतात. नियमांतराचे महत्त्व त्याच्या आकारावरून ठरत नाही : २००० मधील सर्वव्यापी फेररचना पचली, आणि १९८९ मधील एका ओळीने खेळाचे शील पालटले. शब्दसंग्रह टिकला म्हणून ओळख टिकतेच असे नाही; ते २००८ मध्ये दिसून आले. ओळखीचा निर्णय प्रकाशकाच्या घोषणेने, न्यायालयाच्या तडजोडीने किंवा नावावरील स्वामित्वाने होत नाही; या तिन्ही गोष्टी त्या निर्णयावर दडपण आणू शकतात, एवढेच. तो निर्णय शेवटी मेजाभोवती होतो, आणि तोही एकमताने होत नाही.

यावरून संशोधनपद्धतीविषयी एक सूचना निघते. खेळाचा इतिहास केवळ नियमग्रंथांवरून लिहिणे म्हणजे भाषेचा इतिहास केवळ व्याकरणग्रंथांवरून लिहिण्यासारखे आहे. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणावरून त्या काळची मराठी कशी असावी असे एका विद्वानाला वाटत होते हे कळते. बाजारात आणि माजघरात ती कशी बोलली जात होती हे कळण्यासाठी पत्रे, जबान्या आणि हिशेब पाहावे लागतात. त्याचप्रमाणे या खेळाच्या अभ्यासकाने खेळाडूंच्या वह्या, हाताने काढलेले भुयारांचे नकाशे, समासात लिहिलेले घरगुती नियम आणि खोडलेली कोष्टके गोळा केली पाहिजेत. पहिल्या पिढीतील अनेक खेळाडू वृद्ध झाले आहेत आणि त्यांच्या वह्या माळ्यांवरच्या पेट्यांत पडून आहेत. नियमग्रंथ पुन्हा पुन्हा छापले जातील. त्या वह्यांची दुसरी प्रत नाही.